आईचं ॲट अ ग्लान्स

मुलगी: दिवसभरात हजार माणसं येतात तुमच्या दुकानात. त्यातून तुला अडवायला तीच सापडली?

आई: आधी चपला काढून आत ये. दारात उभी राहून ओरडू नकोस. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केलाय.

मुलगी: करू देत! ऐकू देत सगळ्यांना! भरदुपारी, भरल्या दुकानात तू त्याच्या आईचा, माझ्या होणाऱ्या सासूचा, दंड धरलास. चोर म्हणून! तिनं रडत रडत त्याला फोन केला आणि त्यानं मला. म्हणतो, कोण अडाणी बाई उभी केलीय दारावर, राखाडी कोट घातलेली, कपाळावर जुन्या टाक्यांची खूण असलेली. टाक्यांची खूण म्हटल्यावर माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

आई: दंड नाही धरला. आम्ही हात लावत नाही कुणाला. वाट अडवली आणि म्हटलं, बाई, जरा आतल्या खोलीत येता का?

मुलगी: वा! काय ती सभ्यता!

आई: मग? सांगितलंस त्याला, की ती मीच म्हणून?

मुलगी: न सांगून करते काय? रविवारी दोघं पहिल्यांदा घरी येणार होते. दार उघडल्यावर तू दिसणारच होतीस. का तुला कपाटात कोंडून ठेवू? सांगितलं. दोनदा विचारलं त्यानं, नक्की तुझीच आई? मग म्हणाला, आईला घेऊन आत्ताच येतो, समोरासमोर बसून काय ते मिटवू. निघालेत ते.

आई: आत्ता? घरात दूध नाहीये.

मुलगी: दूध! माझं लग्न मोडायला आलंय आणि ही दुधाचं बोलतेय!

आई: कोऱ्या चहाचे कप ठेवायचे का मग पुढ्यात? तसंही चांगलं दिसणार नाही.

मुलगी: फोटो दाखवला होता ना मी तुला तिचा? मोबाइल हातात घेऊन, मोठा करून करून बघितलास. म्हणालीस, बाई सोज्वळ आहे, ॲट अ ग्लान्स कळतं. म्हणालीस की नाही?

आई: म्हणाले.

मुलगी: मग आज कुठे गेलं होतं ते तुझं ॲट अ ग्लान्स?

आई: फोटोत केस काळे होते, मोकळे होते. आज डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. आणि मी तोंडं बघत नाही कामावर. हात बघते.

मुलगी: हात बघते! एक जन्म गेला माझा हे ऐकण्यात. टोमॅटो घ्यायचे, ॲट अ ग्लान्स. शेजारचं तान्हं बाळ, ॲट अ ग्लान्स, बापावर गेलंय. परीक्षेला मी अभ्यास केलाय की नाही, तेही ॲट अ ग्लान्स. कुठल्या जमान्यात कुठल्यातरी साहेबानं, तुला एका नजरेत सगळं कळतं, अशी इंग्रजीत शाबासकी दिली आणि ते तीन शब्द तू दागिन्यासारखे गळ्यात घालून हिंडतेस. माझ्या कॉलेजातला तो मित्र घरी आला होता, पाणी प्यायला आणि गेला. तू म्हणालीस, हा नको, याची नजर एका जागी ठरत नाही. मी तोडलं त्याच्याशी. आज तो काय करतो माहितीये? डोळे तपासतो लोकांचे! स्वतःच्या दवाखान्यात!

आई: बरं मग, चुकले असेन तिथे.

मुलगी: असेन? आणि बाबा? ते दुसरीकडे संसार मांडत होते, ते नाही दिसलं तुला ॲट अ ग्लान्स?

आई: दिसलं होतं.

मुलगी: काय?

आई: दिसलं होतं म्हटलं. शर्टाच्या कॉलरला इस्त्री माझी नव्हती. तुझं बारावीचं वर्ष होतं, म्हणून पेपर संपेपर्यंत गप्प बसले. आता हे उकरून काढायचं काही कारण होतं का?

मुलगी: नव्हतं. पण तू मला राग आणतेस! मी एवढी बोलतेय आणि तू कांदा चिरत बसल्यासारखी बसलीयेस. काहीतरी बोल ना! सांग, का अडवलंस?

आई: हातावर स्वेटर टाकला होता तिनं. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि हातावर लोकरीचा स्वेटर. गिऱ्हाईक वस्तू बघतं, किंमत बघतं. ही आधी छताकडे बघत होती, कॅमेरा कुठे आहे ते.

मुलगी: लोक छताकडे बघतात, आई! दिवे बघतात! एसी कुठे आहे ते बघतात! आणि स्वेटर हातावर असणं गुन्हा आहे का? तिला थंडी सोसत नाही. मग? त्या खोलीत नेऊन काय मिळालं तुला?

आई: काही नाही. पर्स उघडलीच नाही. साहेब आल्यावर मी म्हटलं, माझी चूक झाली, जाऊ द्या बाईंना.

मुलगी: म्हणजे वर तुलाच वाटलं, चुकलं म्हणून.

आई: साहेबांना तसं सांगितलं.

मुलगी: मग साहेब?

आई: बाईंनी खूप आवाज चढवला. मी यांच्यावर केस करीन, पेपरात देईन. साहेब घाबरले. मला म्हणाले, वय झालं तुमचं, नजर राहिली नाही आता. घरी बसा, काय ते कळवू.

मुलगी: बरंच झालं.

आई: बरं झालं?

मुलगी: बघू नकोस माझ्याकडे अशी. बरंच झालं म्हटलं. आयुष्यभर लोकांच्या पिशव्यांवर डोळा ठेवून काय मिळवलंस? लोक तुला बघून पर्स घट्ट धरतात. अगं, चोर सोडून दे, साधी बाईसुद्धा तुझ्याजवळून जाताना अंग चोरते. लहानपणी मला लाज वाटायची.

आई: लाज वाटायची. हं. फी भरताना नाही वाटली ती.

मुलगी: हेच! हेच अपेक्षित होतं मला! चढव आता, फी, गणवेश, दप्तर, सगळं एकेक करून चढव माझ्या डोक्यावर!

आई: बेल वाजतेय.

मुलगी: ऐकलंय मी. हे बघ, ती आत आली की पहिल्यांदा माफी मागायची. स्पष्ट. आणि ते ॲट अ ग्लान्स तोंडातून काढलंस ना, तर बघ.

(दार उघडल्याचा आवाज. काकू, म्हणजे मुलाची आई, हातात एक कागदी पिशवी घेऊन आत येते.)

मुलगी: या ना काकू, या. एकट्याच? तो कुठे?

काकू: गाडी लावायला जागा शोधतोय. खालच्या वॉचमननं हटकलं त्याला. येईल. मी आपली पुढे आले. असू दे, असू दे, पाया नको पडूस.

मुलगी: बसा ना. ही माझी आई.

काकू: हो. आमची... भेट झालीय.

आई: बसा.

काकू: मनात काही ठेवून नाही आले हं मी. मुलांचं आयुष्य आहे. आपण मोठ्यांनी जरा पदरात घ्यायचं असतं. दुपारी मला फार लागलं, नाही असं नाही. पण म्हटलं, हिच्या आईकडून झालंय, तर आता आपल्याच घरातलं झालं. मला मुळात कल्पनाच नव्हती, तुम्ही तिथे दारावर असता म्हणून. ही म्हणाली होती, तुम्ही दुकानाच्या ऑफिसात असता. हिशेबाकडे.

आई: हिशेबाकडे?

मुलगी: आई, ते... मी तसं...

काकू: मोठ्या हुद्द्यावर आहे आई, असं म्हणाली होती. असो. आजकालची मुलं.

आई: छान. बढती दिलीस मला. घरात पेढे तरी वाटायचेस.

मुलगी: आत्ता नको ना, आई.

आई: नाही, आत्ताच. मला गणितात दोनदा नापास केलं होतं शाळेनं, हे पण सांगायचंस. हिशेबाकडे म्हणे!

काकू: अहो, जाऊ द्या हो. मी तर तेही धरलं नाही मनात. हे घ्या. रविवारी द्यायचं होतं, पण म्हटलं आजच. छोटंसं आहे.

मुलगी: काकू! कशाला पण? एवढं सगळं होऊनसुद्धा तुम्ही... आई, बघ. बघ, माणसं कशी असतात. घे ना हातात!

आई: तू उघड.

मुलगी: अय्या! स्कार्फ! काय रंग आहे! डाळिंबाच्या दाण्यासारखा. किती मऊ आहे, हात लावून बघ. आई, घाल ना गळ्यात. घाल बघू.

आई: राहू दे.

मुलगी: राहू दे काय? एवढ्या प्रेमानं आणलंय त्यांनी!

आई: राहू दे म्हटलं ना.

मुलगी: थांब, त्याचा फोन आला... हॅलो? अरे, मागच्या गल्लीतून ये ना. नाही नाही, ते गेट बंद असतं. काय म्हणतोय तो? दे त्याला फोन. बरं, थांब, मी येते खाली. काकू, मी आलेच, हा वॉचमन एक नंबरचा हट्टी आहे. आई, मी येईपर्यंत काय बोलायचं ते बोलून घे. कळलं ना काय ते?

आई: कळलं. जा.

काकू: जपून उतर गं.

आई: दार लावलं तिनं. आता सांगा.

काकू: काय सांगू?

आई: हाच आहे ना तो? दुसऱ्या मजल्यावर, आरशाशेजारच्या स्टँडवर होते. या रंगाचे दोनच होते. पातळ कापडाला टॅग लावत नाहीत, भोक पडतं, म्हणून दारावर शिट्टी वाजली नाही. तुम्ही डाव्या हातानं ओढलात आणि स्वेटरखालून पर्समध्ये सरकवलात. तिथपासून दारापर्यंत मी तुमच्या मागे होते, हातावरून नजर काढली नाही. एकदा जरी नजर हलली तर आम्ही माणसाला सोडून देतो. माझी हलली नव्हती.

काकू: हळू बोला हो. पाया पडते.

आई: चोरीचा माल आणून माझ्याच पदरात घालता? माझ्या पोरीच्या हातानं उघडायला लावता? अहो, कातडी कसली आहे तुमची?

काकू: मला परत करायचा होता. कसा करू ते सुचेना. घरात ठेवला तर त्याला सापडेल. फेकायचा धीर होईना. म्हटलं, तुमच्याकडे आला की तुम्ही... तुम्हाला कळेल काय करायचं ते.

आई: मला? तो माझा आहे का? तो दुकानाचा आहे!

काकू: तुम्ही पर्स का उघडली नाहीत?

आई: तुमचा फोन वाजला म्हणून. तुम्ही टेबलावर ठेवला होतात. त्यावर तुमचा मुलगा हसतोय आणि त्याच्या खांद्यावर माझ्या पोरीचं डोकं. ती माझ्याबरोबर फोटो काढतानासुद्धा अशी हसत नाही. साहेब दारात आले होते. दुसरं काय करणार होते मी?

काकू: उपकार झाले तुमचे.

आई: उपकार? आणि लगेच केस करीन म्हणालात! पेपरात देईन म्हणालात! मी सोडलं तुम्हाला, तर गप निघून जायचं होतंत. साहेबांसमोर माझी लक्तरं काढायची काय गरज होती?

काकू: घाबरले होते मी. घाबरले की माझा आवाज चढतो. गप्प राहिले असते तर त्यांना संशय आला असता.

आई: अहो, मी आंधळी ठरले! सगळ्या मुली काउंटरवरून बघत होत्या. त्यातल्या निम्म्यांना मी शिकवलंय, कसं बघायचं ते. त्यांच्यासमोरून डबा घेऊन मला मागच्या दारानं घालवलं. आणि आत्ता इथे येऊन मला माफ करताय? तुम्ही? मला?

काकू: मला तो लागत नव्हता हो. पैसे होते पर्समध्ये. खरंच होते.

आई: माहितीये मला. तुमच्यासारख्या येतात. अंगावर चांगली साडी, हातात चांगली पर्स, आणि घेतात ती फुटकळ वस्तू. पैसे नसणारी बाई घेताना आधी बरोबरची लेकरं कुठे आहेत ते बघते. तुम्ही नुसता कॅमेरा शोधत होतात. किती दिवस चाललंय हे?

काकू: लग्नाआधीपासून. आमच्या ह्यांना ठाऊक होतं. दुकानात कधी एकटी सोडायचे नाहीत मला. कोपर धरून चालायचे, लोकांना वाटायचं काय प्रेम आहे. कधी काही घडलंच तर मागे राहून पैसे भरायचे, माफी मागायचे, मला एक शब्द बोलायचे नाहीत. ते गेल्यापासून मी दुकानाची पायरी चढले नव्हते. किराणासुद्धा पोरगा आणतो. त्याला वाटतं, मला गर्दी सोसत नाही.

आई: मग आज कशाला चढलात?

काकू: तुमच्यासाठी. रविवारी रिकाम्या हातानं कसं यायचं? म्हटलं, आता जमेल. मोठी झालेय. पैसे द्यायच्या रांगेत उभीही राहिले होते मी, स्कार्फ हातात घेऊन. पुढे तिघी होत्या. मग काय झालं... मी रांगेतून बाहेर कधी आले ते मला आठवत नाही.

आई: रांगेत बघितलं होतं मी तुम्हाला. मला वाटलं, चला, भरतेय पैसे. परत ठेवून आलात वर, आणि मग पुन्हा घेतलात.

काकू: तेही दिसलं तुम्हाला?

आई: दिसतं मला! तेच तर काम आहे माझं! होतं.

काकू: पोराला सांगू नका. बाकी काय म्हणाल ते करते. त्याला कळलं तर तो आयुष्यभर माझ्या हातांकडे बघेल.

आई: आणि माझी पोर आयुष्यभर माझ्याकडे कशी बघणार? तिच्या सासूवर आळ घेणारी अडाणी बाई! लाज वाटायची म्हणाली मला आज. तोंडावर. तुम्ही याल म्हणून मी गिळलं ते. मी मूग गिळून बसले ती तिच्या लग्नासाठी, तुमच्या अब्रूसाठी नाही, हे नीट समजून घ्या.

काकू: मी तिला सांगेन ना, मी मनापासून माफ केलं म्हणून.

आई: पुन्हा! पुन्हा तेच! बाई, तुम्ही उठा. उठा आणि त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहा जरा. माझ्या तोंडून काहीतरी वाईट निघेल.

काकू: जिन्यात पावलं वाजतायत.

आई: येऊ देत.

मुलगी: हुश्श! त्याला लांब लावावी लागतेय गाडी, पलीकडच्या शाळेपाशी. येतोच म्हणाला. काय, झालं का बोलून? काकू, तुम्ही रडताय? आई, काय बोललीस तू यांना?

आई: काही नाही.

मुलगी: काही नाही कसं? डोळे लाल झालेत त्यांचे! तू पुन्हा सुरू केलंस ना? पुन्हा चौकशी केलीस, स्वतःच्या घरात? शी! त्यांनी तुला एवढी सुंदर वस्तू आणली आणि तू ती अजून हातसुद्धा न लावता टेबलावर टाकलीयेस!

काकू: नाही गं, त्या काही...

मुलगी: तुम्ही नका तिची बाजू घेऊ, काकू. तुम्ही फार चांगल्या आहात, म्हणून ती चढलीय. आई, बास. आता माझ्यासमोर म्हण. "माझं चुकलं, मला माफ करा." एवढंच. तो वर यायच्या आत.

आई: म्हटलं ना साहेबांसमोर.

मुलगी: साहेब गेले खड्ड्यात! इथे म्हण. तुला माझं काही वाटत असेल तर म्हण. का तुला तुझी नजर माझ्यापेक्षा मोठी आहे?

आई: नाही. तुझ्यापेक्षा मोठं काही नाही माझ्याकडे. ऐक मग. हे बघा बाई, दुपारी मी तुमची वाट अडवली, ते माझं...

काकू: थांबा.

मुलगी: म्हणू दे ना तिला, काकू.

काकू: नको. मला ऐकवणार नाही ते. थांबा तुम्ही. बाळ, दुकान सकाळी किती वाजता उघडतं गं?

मुलगी: दहाला. का?

काकू: त्यांच्या साहेबांना भेटायचंय. हा स्कार्फ परत द्यायचाय, आणि सांगायचंय की तुझ्या आईची नजर चुकली नव्हती. पण मला एकटीला आत जाता येत नाही. तू येशील माझ्याबरोबर? माझं कोपर धरून ठेवायचं. सोडायचं नाही.

मुलगी: परत? म्हणजे... काकू, तुम्ही काय बोलताय? हा तुम्ही... आई?

आई: आता मला काय विचारतेस?

मुलगी: तुला माहीत होतं! दुपारपासून! आणि तू मला एक शब्द सांगितला नाहीस? मी काय काय बोलले तुला, आणि तू नुसती ऐकत बसलीस? का नाही सांगितलंस?

आई: तू आल्यापासून भांडलीस. का अडवलंस, दंड का धरलास, नोकरी गेली ते बरं झालं, सगळं बोललीस. त्यांनी खरंच घेतलं होतं का, एवढं एक नाही विचारलंस.

काकू: खालचं दार वाजलं. आला तो.

मुलगी: मी... मी जाते समोर. मी सांगते त्याला, की...

आई: तू काही सांगायचं नाहीस. जा, पातेलं घेऊन शेजारून कपभर दूध आण, आणि येताना त्याला वर घेऊन ये. जिन्यात अवाक्षर काढू नकोस. सांगायचं ते त्याची आई सांगेल. मी बसते त्यांच्याजवळ.